तक्रार एकच, माणसं तीन: मोठेपणीची मानसिक वाढ आणि कोचिंग

समजा एका कोचकडे (खेळाचा किंवा क्लासचा नव्हे, कामातल्या अडचणींवर माणसाशी बोलून त्याला वाट काढायला मदत करणारा) तीन मॅनेजर आले आणि तिघांनी एकच गाऱ्हाणं मांडलं, की मला टीमवर काम सोपवता येत नाही, सगळं शेवटी माझ्याच अंगावर येतं. कोचकडे यावर तयार मसाला असतोच. कामांची यादी करा, त्यातलं कुठलं कोणाला देता येईल ते ठरवा, मुदत घाला, मधे एकदा विचारपूस करा वगैरे. तिघंही मान डोलावतात, वहीत लिहून घेतात. पुढच्या सेशनला एखाद्याचं थोडंफार जमलेलं असतं आणि बाकीचे तीच तक्रार घेऊन परत येतात, वर आता "मला एवढं साधं पण जमत नाही" ही शरम वेगळी. मग कोच मनात म्हणतो की याला मनापासून बदलायचंच नाहीये. माझ्या मते हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं, आणि ते का चुकतं हे समजायला मोठ्या माणसांच्या मानसिक वाढीची थिअरी फार कामाची आहे.

तीच तीन माणसं, पण यावेळी उपाय न देता नुसतं विचारू या की काम दुसऱ्याला दिलं तर तुमच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट काय होईल. पहिला म्हणतो, "क्रेडिट त्याला जाणार ना, मग प्रमोशनच्या वेळी मी काय दाखवू?" दुसरी बराच वेळ गप्प बसते आणि मग म्हणते की टीमला वाटेल मी त्यांच्यावर लादतेय, बॉसला वाटेल मी अंग चोरतेय, आणि लोक नाराज झाले की मला रात्री झोप लागत नाही. तिसरा अगदी शांतपणे सांगतो की लोकांना काय वाटेल याचं मला फारसं काही नाही हो, पण ते काम नीट कसं करायचं याची माझी एक पद्धत आहे, ती मी वर्षानुवर्षं घडवलीय, आणि दुसऱ्या पद्धतीनं केलेलं काम मला काम वाटतच नाही.

तक्रारीचे शब्द तिघांचे सारखे, पण आत तीन वेगळ्या यंत्रणा चालू आहेत. कामांची यादी या तिघांपैकी कोणाच्याच यंत्रणेला हात लावत नाही.

आता थोडं मागे जाऊ. फार काळ लोक असं धरून चालले होते की माणसाची मानसिक वाढ विशीच्या आसपास आटोपते, पुढे फक्त अनुभव आणि माहिती साठत जाते. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेनं मुलांच्या विचार करण्याच्या ज्या पायऱ्या सांगितल्या त्या किशोरवयात येऊन थांबतात, म्हणजे मूल अमूर्त विचार करायला लागलं की काम झालं. एरिक एरिकसननं १९५० मध्ये आयुष्यभराचे आठ टप्पे मांडले खरे, पण ते वयाबरोबर पुढ्यात येणाऱ्या प्रश्नांचे टप्पे आहेत, पन्नाशीत पोचलात की पन्नाशीचा प्रश्न समोर येणारच, तुमची तयारी असो नसो. आपण इथे ज्याबद्दल बोलतोय ती वाढ अशी आपोआप होत नाही. दोन माणसं एकाच वयाची, एकाच हुद्द्यावरची असतील आणि तरी एकच घटना बघून तिचा अर्थ लावायची त्यांची घडण पार वेगळी असू शकते.

ही घडण मोजता येईल का, याच्या मागे मानसशास्त्रज्ञ जेन लेव्हिंजर लागल्या. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत त्या होत्या. त्यांची टेस्ट दिसायला अगदी साधी, ३६ अर्धवट वाक्यं द्यायची आणि ती पूर्ण करायला सांगायची. उदाहरणार्थ "नियम हे..." एवढंच लिहिलेलं असतं. आता कोणी लिहितो "मोडले की शिक्षा होते", कोणी लिहितो "पाळलेच पाहिजेत, नाहीतर समाज कसा चालणार", आणि कोणी लिहितो "गरजेचे असतात पण ते माणसांनीच केलेले असतात त्यामुळे ते कोणाच्या सोयीचे आहेत हेही बघावं लागतं" (ही उत्तरं मी समजावण्यापुरती रचलीत). उत्तर बरोबर की चूक हा मुद्दाच नाही. उत्तरामागची गुंतागुंत किती, त्यात स्वतःकडे लांबून बघणं आहे का, हे तपासायचं. टेस्टची पद्धत १९७० मध्ये पुस्तकरूपानं आली, आणि पुढे बिल टॉर्बर्ट आणि सुझान कूक-ग्रॉयटर या संशोधकांनी ती ऑफिसच्या जगात आणली.

टॉर्बर्ट आणि डेव्हिड रूक यांचा २००५ सालचा हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला लेख कोचिंगवाल्या मंडळींत अजूनही फिरत असतो. त्यात मॅनेजर आणि प्रोफेशनल लोकांचे सात प्रकार दिलेत. सगळ्यात मोठा गट एक्स्पर्ट, ३८ टक्के, म्हणजे आपल्या ज्ञानावर आणि अचूकपणावर ज्यांची ओळख उभी असते ते. मग अचिव्हर (ध्येय गाठण्यावर भर देणारे) ३० टक्के, डिप्लोमॅट (सगळ्यांना सांभाळून घेणारे) १२, इंडिव्हिज्युअलिस्ट (चाकोरीवर प्रश्न विचारणारे) १०, ऑपॉर्च्युनिस्ट (स्वतःचा फायदा बघणारे) ५, आणि वाढीच्या सगळ्यात वरच्या टोकाला स्ट्रॅटेजिस्ट ४ आणि अल्केमिस्ट १ टक्का. आकडे असे नेटके असले की लोक लगेच त्यात स्वतःला शोधायला लागतात, आणि गंमत म्हणजे बहुतेकांना आपण त्या शेवटच्या पाच टक्क्यांत आहोत असं मनातून वाटत असतं. असो.

कोचला रोज वापरता येईल असं सगळ्यात सोपं हत्यार मात्र मला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट केगन यांच्याकडे सापडतं. हार्वर्डमध्ये शिकवायचे, १९८२ मध्ये त्यांचं या विषयावरचं पहिलं मोठं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की कुठल्याही क्षणी आपल्या मनातल्या काही गोष्टी आपल्याला दिसतात आणि काही गोष्टी अशा असतात की त्यांच्यातूनच आपण बघत असतो त्यामुळे त्या दिसत नाहीत. दिसणारी गोष्ट आपण उचलून बघू शकतो, तिच्याबद्दल बोलू शकतो, नको असेल तर बाजूला ठेवू शकतो. न दिसणारी गोष्ट आपल्याला चालवत असते. गाडीत बसून गाडी ढकलता येत नाही, त्यासाठी खाली उतरावं लागतं, तसंच हे. केगन यांच्या हिशेबानं मानसिक वाढ म्हणजे आतापर्यंत जी गोष्ट आपल्याला चालवत होती ती आपल्याला दिसायला लागणं, आणि ही एका फटक्यात होत नाही, वर्षं जातात.

मोठ्या माणसांत त्यांनी मुख्यतः चार स्टेज सांगितल्या, आणि आपले तीन मॅनेजर त्यातल्या पहिल्या तीन स्टेजमध्ये बसतात. पहिल्याला त्याच्या गरजा आणि फायदा-तोटा चालवतोय. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे त्याला कळत नाही असं नाही, पण ते त्याच्या हिशेबात तेवढ्यापुरतंच येतं. दुसरी सोशलाइज्ड स्टेजला आहे, तिला आजूबाजूच्या माणसांच्या अपेक्षा चालवतात, आणि यात कमीपणा काही नाही, बहुतेक कुटुंबं, संस्था, ऑफिसं अशाच माणसांच्या जिवावर चालतात. फक्त तिची स्वतःची किंमत बॉसच्या चेहऱ्यावर लिहिलेली असते, त्यामुळे दोन महत्त्वाच्या माणसांनी दोन उलट गोष्टी मागितल्या की ती कोलमडते. तिसरा सेल्फ ऑथरिंग, त्याच्याकडे स्वतःचं मोजमाप आहे आणि लोकांच्या अपेक्षा तो त्या मोजमापावर तपासून घेतो किंवा नाकारतो. पण ते मोजमाप स्वतःच त्याला दिसत नाही, तो त्याच्या आतून बघतो. चौथी स्टेज, सेल्फ ट्रान्सफॉर्मिंग, जिथे माणूस आपल्याच पद्धतीच्या मर्यादा बघू शकतो आणि विरुद्ध पद्धतीतून काही घेऊही शकतो, ती फारच थोड्यांत आणि तीही सहसा आयुष्याच्या उत्तरार्धात सापडते.

१९९४ च्या पुस्तकात केगन यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. आजचं काम, पालकत्व, लग्न हे सगळं आपल्याकडून सेल्फ ऑथरिंग मनाची अपेक्षा करतं, स्वतः ठरवा, स्वतः पुढाकार घ्या, नाही म्हणायला शिका, आणि त्यांनी जमवलेल्या अभ्यासांत तर अर्ध्याहून जास्त माणसं तिथवर पूर्ण पोचलेली नव्हती. हा आकडा मुख्यतः शिकलेल्या अमेरिकन लोकांवरून आलाय, तेव्हा तो जगभर जसाच्या तसा लावू नये. पण कोचिंगसाठी इशारा स्पष्ट आहे. "नाही म्हणायला शिका" हा सल्ला आपण देतो तेव्हा समोरच्याकडून कौशल्य मागतोय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात अनेकदा आपण त्याच्याकडून एक अख्खी वेगळी स्टेज मागत असतो.

आता परत आपल्या तिघांकडे, कारण थिअरीचा खरा उपयोग इथे आहे.

पहिल्याशी विश्वास, टीमची भावना वगैरे बोलून उपयोग नाही, त्याला ते भाषण वाटेल. त्याच्याच भाषेत सुरू करायचं. काम सोपवलं तर तुला काय मिळेल, मोकळा झालेला वेळ कुठल्या दिसणाऱ्या कामाला लावता येईल. इथे काही कोच नाक मुरडतात, हे फारच स्वार्थी झालं म्हणून, पण माणूस जिथे उभा आहे तिथूनच पाऊल टाकणार ना. हळूहळू प्रश्न थोडा ताणायचा, की तुझ्या त्या सहकाऱ्याला या सगळ्यात काय दिसत असेल, त्यानं तुझ्याबद्दल दुसऱ्यांना काय सांगितलं तर तुला परवडेल. दुसऱ्याच्या डोळ्यातून स्वतःकडे बघायची सवय हीच त्याची पुढची पायरी आहे.

दुसरीच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका कोच स्वतःच असतो. का, तर ती कोचलाही खूश करणार. कोचनं सुचवलेलं सगळं करून आणणार, छान रिपोर्ट देणार, आणि आत काही हललेलं नसणार, फक्त बॉसच्या जागी आता कोचचं मत आलं. म्हणून तिला सल्ला जेवढा कमी तेवढा बरा. त्याऐवजी आवाज वेगळे करायला मदत करायची. हे वाक्य कोणाचं, बॉसचं की टीमचं की घरून आलेलं? आणि यातले दोन आवाज भांडतायत तेव्हा त्यांच्यात निवाडा कोण करतंय? या शेवटच्या प्रश्नावर ती अडखळली तर अडखळू द्यायचं, आपण घाईनं उत्तर पुरवायचं नाही. ते अडखळणं म्हणजेच काम चालू असणं.

तिसऱ्याला "तुझं मत काय, तुझी मूल्यं काय" विचाराल तर तो तास दीड तास उत्तम बोलेल आणि जिथल्या तिथे राहील, कारण त्यात तो पारंगतच आहे. त्याला विचारायचं की तुझी पद्धत कुठल्या परिस्थितीत चुकीची ठरेल? टीममध्ये तुझ्यापेक्षा अगदी उलट वागणारा पण रिझल्ट आणणारा कोणी आहे का, आणि त्याला असं काय दिसतं जे तुला दिसत नाही? सुरुवातीला तो चिडेल, किंवा हुशारीनं टोलवेल.

लक्षात घ्या, दुसरीला जो प्रश्न औषधासारखा लागू पडतो, म्हणजे "तुझं स्वतःचं म्हणणं काय", तोच तिसऱ्याला त्याच्या जागी आणखी घट्ट बसवतो. कोचिंगमधले प्रश्न मुळातच चांगले किंवा वाईट असतात असं मानून त्यांच्या याद्या बनवणाऱ्यांचं इथे जरा अवघड होतं.

केगन आणि त्यांच्या सहकारी लिसा लेही यांनी २००९ च्या पुस्तकात यासाठी एक कागदी साधन दिलंय, चार रकान्यांचं, आणि ते स्टेज न मोजताही वापरता येतं. दुसरीचं उदाहरण घेऊ. पहिल्या रकान्यात तिला काय साधायचंय, की मला काम सोपवायचंय. दुसऱ्यात ती याच्या उलट काय करते ते प्रामाणिकपणे लिहायचं, काम देताना दहा वेळा माफी मागते, कोणी कुरकुरलं की परत घेते, रात्री बसून स्वतःच उरकते. इथे "असं करू नकोस" म्हणायचा मोह होतो तो आवरायचा. तिसऱ्या रकान्यासाठी विचारायचं, हे सगळं करायचं थांबवलं तर कसली भीती वाटते? उत्तर येतं की लोकांना मी आवडेनाशी होईन. म्हणजे तिच्या नकळत तिची दुसरी एक बांधिलकी आहे, कोणालाही कधीही नाराज होऊ द्यायचं नाही. आता कळतं की दुसऱ्या रकान्यातलं वागणं हा आळस किंवा गोंधळ नव्हता, ते या छुप्या बांधिलकीचं अगदी चोख काम होतं. एक पाय ॲक्सिलरेटरवर, एक ब्रेकवर, आणि दोन्ही तिचेच.

चौथ्या रकान्यात त्या बांधिलकीच्या मुळाशी बसलेलं गृहीतक लिहायचं. "कोणी माझ्यावर नाराज झालं तर ते नातं संपलं, आणि नातं संपलं तर मी कोणीच नाही." कागदावर वाचताना ते टोकाचं वाटतं, तिलाही वाटतं, पण आतापर्यंत ती त्या वाक्यातून जग बघत होती आणि आता पहिल्यांदाच त्या वाक्याकडे बघतेय. गृहीतक चूक आहे हे कोचनं पटवून द्यायचं नसतं, वाद घातला की माणूस वकिली करायला लागतो. एक छोटी, सुरक्षित चाचणी ठरवायची. एकाच माणसाला एकच काम द्यायचं, माफी न मागता, त्यानं तोंड वाकडं केलं तरी दोन दिवस परत घ्यायचं नाही, आणि काय झालं ते बघून यायचं. हेतू काम होण्याचा नाही, माहिती गोळा करण्याचा आहे. कदाचित तो खरंच नाराज होईल आणि तरी चौथ्या दिवशी नेहमीसारखा बोलेल. अशा बऱ्याच चाचण्या लागतात, एकानं भागत नाही.

या सगळ्यात एक बाजू नेहमी राहून जाते ती म्हणजे नुकसानीची. पुढच्या स्टेजला जाणं म्हणजे फक्त कमाई असं वाटतं, पण सोशलाइज्ड स्टेज सोडणाऱ्या माणसाला आपण आपल्या माणसांशी गद्दारी करतोय असं वाटू शकतं, आणि आजूबाजूचे पण म्हणतात की हल्ली फार बदललीस तू. मधला काळ वाईट असतो, जुनं धरवत नाही आणि नवं अजून हातात आलेलं नाही. बालमानसशास्त्रात डोनाल्ड विनिकॉट यांनी मुलाला धरून ठेवणाऱ्या वातावरणाची कल्पना मांडली होती, केगन यांनी ती मोठ्यांपर्यंत नेली. त्यांच्या मते अशा वातावरणानं तीन कामं करायची, माणूस आहे तसा धरायचा, वेळ आली की सोडायचं, आणि तो दूर गेला तरी आपण जागेवर राहायचं म्हणजे त्याला परत येऊन नव्यानं नातं जोडता येतं. पहिलं काम न करता दुसऱ्यावर उडी मारणारे, म्हणजे आव्हान देतोय म्हणून नुसते धक्के देणारे कोच बरेच असतात. उलट नुसतं धरून बसणारेही असतात, तिथे गप्पा छान होतात, वर्षभर.

आता सावधगिरीच्या गोष्टी, आणि त्या गंभीर आहेत. एकतर माणूस म्हणजे एक स्टेज असं नसतं. मानसशास्त्रज्ञ कर्ट फिशर यांच्या कामातून हे फार नीट दिसतं, की पाठिंबा असताना आणि नसताना, ओळखीच्या आणि अनोळखी कामात एकाच माणसाची पातळी वरखाली होते. ऑफिसात सेल्फ ऑथरिंग असलेला माणूस आईवडिलांसमोर दोन मिनिटांत सोशलाइज्ड होतो, थकलेला असेल तर अजून खाली. दुसरं म्हणजे वरची स्टेज म्हणजे जास्त चांगला किंवा जास्त सुखी माणूस असं या थिअरीत कुठेही नाही. तरीसुद्धा शिडी म्हटली की वर-खाली आलंच. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांच्या नैतिक वाढीच्या शिडीवर त्याच क्षेत्रातल्या कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये हाच आक्षेप घेतला होता, की मूळ अभ्यास मुलग्यांवर झाला आणि मग नाती आणि काळजी यांना धरून होणारा विचार त्या मोजपट्टीवर खालचा ठरायला लागला. केगन यांच्या शिडीलाही हा प्रश्न विचारायलाच हवा. स्वतःचं मोजमाप स्वतः ठरवणारा माणूस वर आणि नात्यांना धरून राहणारा खाली, ही मांडणी कुठल्या समाजाला जास्त सोयीची आहे?

मग कोचनं स्टेज मोजावी का? स्टेज ठरवण्यासाठी केगन यांच्या पद्धतीत एक मुलाखत असते, ती घ्यायला आणि तपासायला बरंच ट्रेनिंग लागतं, आणि दोन सेशनच्या गप्पांवरून "हा अजून सोशलाइज्ड आहे" असा शिक्का मारणं हे कोचच्याच स्टेजबद्दल जास्त सांगतं. ऑक्सफर्ड ब्रूक्स युनिव्हर्सिटीच्या तातियाना बाखकिरोवा यांची भूमिका मला इथे जास्त व्यवहारी वाटते. २०११ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की माणसाची स्टेज ठरवण्यापेक्षा तो जे विषय घेऊन येतो त्यातूनच दिसणारी गरज बघा आणि तिथे काम करा. शिवाय प्रत्येक वेळी एवढं खोल जायची गरजही नसते. कोणाला खरंच फक्त मीटिंग कशी चालवायची ते शिकायचं असेल तर ते शिकवा आणि मोकळे व्हा. आणि सेशनमध्ये जुने आघात, दीर्घ नैराश्य असं काही वर यायला लागलं तर तो थेरपिस्टचा प्रांत आहे, तिकडे पाठवणं हेच कोचचं काम.

कोचला स्वतःचंही बघावं लागतं. स्वतः एक्स्पर्ट वळणाच्या कोचला ही थिअरी म्हणजे नवं ज्ञान वाटतं आणि तो क्लायंटला स्टेज समजावून सांगत बसतो. सोशलाइज्ड वळणाच्या कोचला क्लायंटची नाराजी झेपत नाही म्हणून नेमका हवा तो प्रश्न घशातच राहतो. हे पकडायला सुपरव्हिजन लागतं, म्हणजे आपल्या सेशनबद्दल दुसऱ्या अनुभवी माणसाशी नियमित बोलणं.

आणि शेवटी पैशांचा मामला, जो पुस्तकांत फारसा येत नाही. कोचची फी पुष्कळदा कंपनी देते, आणि कंपनीला सहा महिन्यांत बदल दिसायला हवा असतो. एक स्टेज ओलांडायला वर्षं लागतात, तेव्हा "तुमच्या मॅनेजरला पुढच्या स्टेजला नेतो" असं आश्वासन कुठलाही कोच देत असेल तर ते द्यायला नको होतं. सहा महिन्यांत एखादं गृहीतक दिसायला लागणं आणि त्याच्या दोनचार चाचण्या होणं एवढं होऊ शकतं, आणि ते कमी नाही. लेव्हिंजर यांच्यासारखी अर्धवट वाक्यांची टेस्ट घेणारच असाल तर तिचा निकाल कोण बघणार, क्लायंट एकटा की एचआरसुद्धा, हे टेस्टच्या आधी लेखी ठरवून घ्या. तो निकाल प्रमोशनच्या फाइलमध्ये जाणार आहे असा नुसता वास जरी आला तरी आपली दुसरी मॅनेजर त्यातली ३६ च्या ३६ वाक्यं कंपनीला आवडतील अशीच पूर्ण करून देईल.